शेंग्याचं लोढणं

भुईमुगाच्या टरफलाचा रंग, म्हणून शेंग्या.
मायाप्पानं वागदरीच्या बाजारातनं आणलं तेव्हा
घोंगडीच्या खोळीत मावत होतं.
मेंढीच्या दुधावर वाढवलं मी त्याला
वाघरीच्या आत, कोकरांच्या उबेला.
वाटलं, हे आता मेंढरूच झालं.

पण दात आले.
दात आले की कुत्र्याला
आपण कुत्रं असल्याचं कळतं.

संक्रांत तोंडावर आलेली, भर दुपार,
एका कोकराच्या मागं लागलं.
खेळच तो.
पण कोकराला कुठं ठाऊक, हा खेळ आहे म्हणून?
कान फाटला.
आणि हे आपलं दातात लोकर धरून माझ्याकडं आलं,
शेपूट हलवत,
जसं काही माझ्यासाठीच बाजार करून आणलाय.

मायाप्पा म्हणाला, "रगताची चव लागली त्याला.
अवसेपर्यंत बघ.
न्हाईतर हायवेच्या धाब्यावर सोडून येतो."

अकरा दिवस होते अवसेला.

मार दे म्हणाले शेजारचे बिऱ्हाडवाले.
माझा बाप म्हणायचा,
मारून शिकवलेलं कुत्रं
मारणारा समोर आहे तोवरच शिकलेलं असतं.

बाभळीचा वीतभर ओंडका तासला.
गळ्यात बांधला, गुडघ्याशी लोंबेल असा.
चाललास तर चाल.
धावलास तर नडगीवर बसेल.
मी ओरडणार नाही, लाकूडच बोलेल.

तिसऱ्या दिवशी त्यानं दोरी खाल्ली.
मग दुसरी टोकं जोडून
एक त्याच्या गळ्यात, एक माझ्या कमरेला.
मेंढरांच्या मधून दिवसभर दोघं.
त्याचा कान वळला की माझ्या कमरेला कळायचं,
दोर ताणायच्या आधी.
"ब्याड," म्हणायची मी, हळू.
आमच्याकडं रागावणं मराठीत, हुकूम कानडीत.
का, ते विचारू नका.
माझ्या आईची मेंढरंसुद्धा कानडीच ऐकायची,
आणि तलाठी फक्त मराठी.

एक बोडकी म्हातारी मेंढी होती.
तिनं त्याला दोनदा उलथापालथा केला.
माझ्या आठ दिवसांपेक्षा
तिच्या दोन धडकांनी जास्त शिकला,
हे कबूल करते.

नवव्या दिवशी मान सोलवटलेली दिसली.
हळद लावली. ओंडका सोडला, तेवढ्यापुरता.
आणि नेमका त्याच वेळी
कारखान्याच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला,
मागं दोन ट्रॉल्या, वर भोंगा लावलेला.

नव्वद मेंढरं एकदम उधळली.
माळावर नुसता फुफाटा.
आणि कुत्र्याच्या डोळ्यापुढं
पळतं ते सगळं आपलंच असतं.

हाक मारायला तोंड उघडलं
तर तोंडात माती.
शेंग्या उभा राहिला.
दोन पावलं गेला.
चारी पाय थरथरत होते,
जसे थंडीत कातरलेल्या मेंढीचे थरथरतात.
मग खाली बसला.
मुतला तिथंच, बसल्या जागी.
पण बसला.

धुरळा खाली आला तेव्हा
फाटक्या कानाचं ते कोकरू
त्याला खेटून उभं होतं.
माया-बिया काही नव्हती त्यात.
सगळं पळत होतं,
तेवढं एकच पळत नव्हतं, म्हणून.

मायाप्पा लांबून बघत होता.
बोलला काही नाही.
रात्री भाकरीचा पहिला तुकडा मोडला,
न बघता मागं टाकला.

ओंडका चुलीत घालते म्हटलं
तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे."
त्याचंही बरोबर आहे.
मेंढरांचं जमलंय.
कोंबड्यांचं अजून काही खरं नाही.